एकविसावी काडी

१

खाइबून धक्क्यावरून परत आला तेव्हा चार वाजले होते. हातगाडीवर तांदळाच्या पिठाची सहा पोती होती आणि उत्तरेचा वारा समोरून येत होता. पोती देवळाच्या स्वयंपाकघरापाशी उतरवून त्यानं हात धुतले, उदबत्ती लावायला आत समुद्रदेवी माझू आईसमोर गेला, आणि काडी पेटवायची विसरून तसाच उभा राहिला.

काचेची पेटी जागेवर होती. आतलं लाल कापडही जागेवर होतं. कापडावर कासव बसल्याचा खळगासुद्धा दिसत होता. सोन्याचं कासव तेवढं नव्हतं.

फेंगवान गावात दिव्यांच्या सणाच्या संध्याकाळी कासव मागायची रीत आहे. ज्याला हवं त्यानं यावं, आईसमोर गुडघे टेकावे आणि कौल लावावा. कौलाचे लाकडी तुकडे दोन, चंद्रकोरीच्या आकाराचे, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. दोन्ही एकदम जमिनीवर सोडायचे. एक सपाट आणि एक फुगीर पडला की आईचा होकार. दोन्ही सारखे पडले की नकार, मग उठून पुढच्याला जागा द्यायची. ओळीनं सर्वांत जास्त होकार ज्याला मिळतील त्याच्या घरी वर्षभर कासव. पुढच्या सणाला त्यानं त्याहून जड कासव आणून आईला द्यायचं.

गेल्या वर्षी आठ होकार घेऊन ओऊ थियान-सूनं कासव जिंकलं होतं. तीस वर्षं काऊशुंग शहराच्या गोदीत काढून तो गावी परतला होता आणि देवळाच्या समितीचा उपाध्यक्ष झाला होता. चार दिवसांपूर्वी त्यानं वाजतगाजत नवं कासव आणलं. जुन्याच्या दीडपट, असं तो सगळ्यांना सांगत होता. उद्या सणाच्या दिवशी दुपारी दोन वाजता गावासमोर त्याचं वजन व्हायचं होतं.

तीनला खाइबून धक्क्यावर निघाला तेव्हा कासव जागेवर होतं. तीन ते चार या वेळात देवळात चार माणसं होती. दिएप स्वयंपाकघरात लाल पिठाची कासवं थापत होती. ती मूळची व्हिएतनामची, अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली. नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही, आता चौथीतल्या मुलीला घेऊन राहायची. बिंगसेंग अंगणात शिडीवर चढून कंदील बांधत होता. सनईवाला म्हातारा पेई बाजूच्या खोलीत झोपला होता. आणि थियान-सू बाहेरच्या दालनात बसून नशिबाची काडी काढत होता: नळकांडं हलवून आकड्याची एक काडी काढायची, तीच आपली का ते कौल लावून विचारायचं, आणि ओळीनं तीन होकार आले की खणातून त्या आकड्याची भविष्याची चिठ्ठी घ्यायची. पाचवा खाइबून स्वतः, देवळाचा रखवालदार म्हणून.

पोलिसांना कळवायला अध्यक्ष लूओ तयार नव्हते. सणाच्या तोंडावर गावाची अब्रू जाईल म्हणाले. तेव्हा थियान-सूनं सुचवलं की चोरी आईच्या डोळ्यांदेखत झाली आहे, तर तिलाच विचारू. त्यानं पाच नावांची यादी केली. एकेक नाव घ्यायचं, कौल लावायचा, आणि ज्याच्या नावावर ओळीनं तीन होकार येतील तो चोर. तुकडे टाकायचं काम खाइबूनचं, कारण देवळात ते तोच करत आला होता.

यादीत पहिलं नाव दिएपचं होतं.

पहिला होकार आला. दुसरा आला तेव्हा पेईनं घसा खाकरला. तिसऱ्या वेळी एक तुकडा फरशीवर गरगर फिरत राहिला, मग पोटावर पडला. दुसरा पाठीवर होता. तिसरा होकार.

पुढची चार नावं घ्यायची गरज उरली नाही. उद्या संध्याकाळी सहा वाजता, कासव मागायला सुरुवात होण्याआधी, दिएपचं नाव गावासमोर जाहीर करायचं आणि तिला स्वयंपाकघरातून काढायचं असं ठरलं. दिएपनं अंगावरचा एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि पिठाच्या परातीवर ठेवली. "परवा सकाळच्या बोटीनं आम्ही जातो," ती म्हणाली. "चोराची मुलगी म्हणून ती या शाळेत बसणार नाही."

सगळे गेल्यावर खाइबूननं रोजची आवराआवर केली. काड्यांच्या नळकांड्याशेजारच्या ताटलीत एक काडी पडली होती, एकवीस आकड्याची. ती त्यानं नळकांड्यात टाकली. दिवा मालवताना त्याला आपले हात दिसले. हेच हात होते. तुकडे यांनीच टाकले होते.

२

खाइबूनची बायको सुइलियन आठ महिन्यांपूर्वी वारली. ती असती तर त्यानं रात्रीच तिच्यापुढे सगळं ओकून टाकलं असतं. आता सकाळ होईपर्यंत थांबला आणि होंग बाईंच्या घरी गेला.

होंग बाईंनी गावच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. अख्ख्या गावात "मला माहीत नाही" हे वाक्य न लाजता बोलणारं दुसरं माणूस खाइबूनला माहीत नव्हतं. म्हणून त्यांना जेव्हा एखादी गोष्ट माहीत असायची तेव्हा तो डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

बाई प्रवाळाच्या दगडी भिंतीच्या आडोशाला शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू शेवटच्या बाकावर बसून खिडकीतून बोटी मोजायचास. त्या दिवसांत मी हा धडा शिकवला होता."

"आठवत नाही, बाई."

"कसा आठवेल? बोटी कुठे आठवतात तुला आता? जा, आतून कागद घेऊन ये. आणि दोन नाणी."

कागदावर त्यांनी पाच नावं लिहायला लावली. कोबी, दोडका, रताळं, भोपळा, मुळा. यातल्या कुणीतरी कासव चोरलंय असं समज, म्हणाल्या. दोन नाणी टाक. एक छापा एक काटा पडला तर होकार, सारखी पडली तर नकार. ओळीनं तीन होकार आले की तो चोर, मग तिथेच थांबायचं.

खाइबूनला हे देवाची थट्टा केल्यासारखं वाटलं. पण बाईंना नाही म्हणायची सवय त्याला शाळेतही नव्हती. पहिल्या फेरीत कुणीच सापडलं नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या झटक्यात कोबी चोर ठरला. तिसरीत रताळं. दहा फेऱ्या झाल्या तेव्हा पाच वेळा कुणी ना कुणी पकडलं गेलं होतं. कोबी दोनदा, दोडका, रताळं आणि मुळा एकेकदा. भोपळा तेवढा सज्जन निघाला.

"आता सांग," बाई म्हणाल्या, "माझ्या परसातल्या कोबीनं काय चोरलं?"

तो हसला नाही. त्यानं नाणी बाजूला सारली.

बाईंनी त्याला सावकाश समजावलं. एकदा होकार यायची शक्यता निम्मी. दुसऱ्यांदा पुन्हा निम्मी. पहिल्यांदा काय पडलं याचा तुकड्यांना पत्ता नसतो, ते दर वेळी नव्यानं पडतात. म्हणून निम्म्याचं निम्मं, त्याचं पुन्हा निम्मं. आठातून एकदा ओळीनं तीन होकार येणारच, नाव कुणाचंही घ्या. आणि अशी पाच नावं ओळीनं घेतली तर शंभर वेळांपैकी जवळजवळ एकोणपन्नास वेळा गावाला चोर मिळेल, मग चोरी कुणीही केलेली असो, किंवा झालेलीच नसो.

"म्हणजे आई खोटं बोलली?"

"आईबद्दल मी काही बोलत नाही. ते माझ्या विषयात नव्हतं." बाईंनी एक शेंग फोडली. "मी तुम्हा लोकांबद्दल बोलतेय. ज्या प्रश्नाला आठातून एकदा आपोआप हो येतं, त्याच्यावर एका बाईचं घर उठवायचं? वीस वेळा ओळीनं होकार आले असते तर मीही गप्प बसले असते."

खाइबून त्या कागदाकडे बघत राहिला. चाळीस वर्षं तो तुकडे टाकत होता. ते कसे पडतात याचा हिशेब करता येतो हे त्याला कधी सुचलंच नव्हतं, आणि या बाईंनी दोन नाणी आणि पाच भाज्यांत तो मांडून दाखवला होता.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "दर एका टाकण्याचा मागच्याशी संबंध नाही, हे खरं. पण पाचव्या माणसाची पाळी येईल की नाही, याचा संबंध आधीच्या चौघांशी आहे. चौघं सुटले तरच त्याची पाळी. शंभरातून एक्केचाळीस वेळा त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. पहिल्या नावाची मात्र दर वेळी परीक्षा." त्यांनी मान वर केली. "यादी कुणी केली म्हणालास?"

"थियान-सूनं."

"त्याचं स्वतःचं नाव कितवं होतं?"

खाइबूननं बोटांवर नावं मोजली. "पाचवं."

३

तो कागद घेऊन खाइबून आधी अध्यक्षांकडे गेला. लूओ अध्यक्षांनी कोबी-दोडका वाचून कागद परत केला. नाण्यांचं गणित वेगळं आणि आईचा शब्द वेगळा, म्हणाले. पुन्हा कौल लावायचा म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा. संध्याकाळी सहापर्यंत दुसरा कुणी चोर समोर आणून उभा कर, नाहीतर जे ठरलंय ते होईल. तेव्हा नऊ वाजले होते.

होंग बाईंनी अंगावर जाड कोट चढवला आणि त्या त्याच्याबरोबर निघाल्या.

बिंगसेंग अजून शिडीवरच होता. बाईंना बघून वरूनच म्हणाला, "बाई, मला उभं करून पाढे म्हणायला लावू नका, मी पडेन." त्यानं सांगितलं ते असं: काल तीनपासून तो अंगणात होता, दारातून कुणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. चारच्या जरा आधी थियान-सू तेवढा घरी गेला, अंगात तो जाडा कोट, हात खिशात. आतलं त्याला दिसत नव्हतं. पेईचं घोरणं मात्र ऐकू येत होतं. "सनईपेक्षा बरं वाजवतो तो झोपेत. मध्ये एकदाही सूर सोडला नाही."

पेईला विचारण्यासारखं त्यामुळे काही उरलं नाही. त्यानं फक्त एवढंच म्हटलं की दिएपनं जर चोरी केली असेल तर आपण सनई गिळून दाखवू, पण समितीपुढे बोलायची आपली हिंमत झाली नाही.

दिएप घरी पिशव्या भरत होती. तिनं दार अर्धंच उघडलं. ती स्वयंपाकघरात होती, एकटी होती, साक्षीला पीठ होतं. एवढं बोलून तिनं दार लावलं. खाइबूनकडे तिनं बघितलं नाही.

थियान-सूनं मात्र त्यांना बसवून चहा दिला, शेंगांची गोड वडी पुढे केली. काय झालं ते तो भरभरून सांगत होता. त्याला उन्हाळ्यात नवी बोट घ्यायची होती, म्हणून आईचा सल्ला घेत होता. सबंध तास त्यात गेला. आधी काडी काढली ती एकविसावी. कौल लावला, नकार. दुसरी काढली, बहुतेक तेहेतिसावी, तिलाही नकार. मग तिसऱ्यांदा नळकांडं हलवलं आणि बघतो तर काय, पुन्हा तीच एकविसावी. या वेळी तीन होकार ओळीनं. "अंगावर काटा आला, बाई. साठ काड्यांतून तीच परत. आईला तेच सांगायचं होतं." त्यानं पाकिटातून एकवीस आकड्याची चिठ्ठी काढून दाखवली. समुद्र शांत, वारा पाठीशी, असं काहीतरी त्यावर होतं.

खाइबूनला ते पटलं. संध्याकाळी ताटलीत एकवीसचीच काडी पडलेली त्यानं स्वतः पाहिली होती. माणूस खरं बोलतोय.

वाटेत देवळाच्या पायरीवर इम आजी उन्हाला बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या. काल सकाळी आठ वाजता त्याही आईला विचारून गेल्या होत्या, डोळ्यातला मोतीबिंदू काढू की नको. "पहिली काडी चांगली आली होती गं," त्या बाईंना म्हणाल्या, "एकवीस. वारा पाठीशी. पण आई नाही म्हणाली, मग ती ठेवली बाजूला. दुसरी आली अठ्ठेचाळीस, तिला लगेच तीन होकार. आता माकोंगच्या इस्पितळात जाऊन डोळा कापून घ्यायचा. भीती वाटते."

होंग बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, धीर दिला, माकोंगला सोबत येईन म्हणाल्या. मग चालता चालता खाइबूनला विचारलं, "आजींनी काडी बाजूला ठेवली म्हणजे काय केलं? मी देवळात कधी काडी काढलेली नाही. नकार आला की ती परत नळकांड्यात टाकत नाहीत का?"

"दुसरीकडे टाकतात. आपल्याकडे नाही. आपल्याकडे नकार आलेली काडी ताटलीत ठेवायची, ती संध्याकाळी मी परत टाकतो. होकार आलेली मात्र आकडा बघून लगेच परत जाते." तो जरा थांबला. "सुइलियननं घातलेला दंडक आहे तो. वीस वर्षं झाली. आई एकदा नाही म्हणाली की तीच काडी त्याच दिवशी पुन्हा तिच्यापुढे नाचवायची नाही, ती म्हणायची. दालनात पाटीबिटी नाही, पण इथल्या सगळ्यांना माहीत आहे."

होंग बाई वाटेतच उभ्या राहिल्या. कोटाच्या खिशात सकाळच्या शेंगा होत्या. त्यांनी सहा दाणे तळहातावर काढले, एकाला नखानं खूण केली आणि मूठ मिटून खाइबूनपुढे धरली.

"यातून एक उचल, न बघता. खुणेचा यायची शक्यता किती?"

"सहातून एक."

"उचल. बिनखुणेचा आला? खाऊन टाक. आता?"

"पाचातून एक."

"आता मी खुणेचाच दाणा खाते." त्यांनी तो तोंडात टाकला. "आता किती?"

"आता कसा येईल, बाई? तो तर…"

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. तो वळून देवळाकडे बघायला लागला.

"चल," बाई म्हणाल्या. "समितीला दोन वाजता बोलव. वजनाची वेळ होती ना ती? तीच बरी."

४

दोन वाजता बाहेरच्या दालनात समितीचे सातजण, बिंगसेंग, पेई आणि इम आजी जमले. दिएप आली नाही. थियान-सू अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसला होता.

होंग बाईंनी भाषण केलं नाही. वर्गात फळ्यापाशी एखाद्याला उभं करून विचारावं तसं त्याला विचारलं. काल किती काड्या काढल्या? तीन. कोणत्या? एकवीस, तेहेतीस आणि पुन्हा एकवीस. त्यानं सगळं पुन्हा तसंच सांगितलं, अंगावर आलेल्या काट्यासकट.

"नकार आलेल्या काड्या कुठे ठेवल्यात?"

थियान-सू क्षणभर घुटमळला. खाइबूनला त्याच्या डोळ्यांत दिसलं की हा प्रश्न का विचारला जातोय ते त्याला कळलेलं नाही.

"परत नळकांड्यात टाकल्या. अजून कुठे ठेवणार?"

दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले. पेई म्हणाला की आपल्याकडे ताटलीत ठेवतात. थियान-सू हसला. तीस वर्षं काऊशुंगला होतो, तिकडे परत टाकतात, चुकलं असेल तर आईची माफी मागतो, म्हणाला.

"चुकलं नाही," होंग बाई म्हणाल्या. "परत टाकली नसतीत तर तीच काडी दुसऱ्यांदा आली नसती. तुमचं सांगणं त्यामुळेच शक्य आहे. परत टाकली, म्हणजे प्रत्येक वेळी साठ काड्या, प्रत्येक वेळी नवा डाव, साठातून एकदा एकवीस. असं होऊ शकतं." त्यांनी थांबून सगळ्यांकडे बघितलं. "मग ताटलीत तुम्ही काहीच ठेवलं नाहीत."

"नाही. काहीच नाही."

"नक्की?"

"सांगितलं ना, बाई. ताटलीला हातसुद्धा लावला नाही."

"खाइबून, काल संध्याकाळी ताटलीत काय होतं?"

खाइबूननं ताटलीकडे बोट केलं. "एक काडी. एकवीस."

"ती माझी," इम आजी मागून म्हणाल्या. "सकाळची. मीच ठेवली होती की."

अध्यक्षांना अजून उलगडलं नव्हतं, ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा बाईंनी खाइबूनला सांगायला लावलं. आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या पोरानं अठ्ठावन्नाव्या वर्षी तो धडा समितीपुढे म्हणून दाखवला.

सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत एकविसावी काडी ताटलीत होती. म्हणजे नळकांड्यात एकोणसाठच होत्या आणि त्यांत एकवीस नव्हती. कौलाचे तुकडे दर वेळी नव्यानं पडतात, त्यांना मागचं काही लागू नाही. काड्यांचं तसं नाही. जी बाहेर राहिली तिच्यावर आतलं सगळं ठरतं. थियान-सूनं तासभर नळकांडं हलवलं असतं, वर्षभर हलवलं असतं, तरी एकवीस बाहेर आली नसती. एकदाही नाही.

"दोन असतील एकवीसच्या," थियान-सू म्हणाला.

खाइबूननं नळकांडं जमिनीवर ओतलं. काड्या आकड्यांप्रमाणे लावल्या. एक ते साठ, प्रत्येकी एक.

"तुम्हाला आकडा हवा होता," होंग बाई शांतपणे म्हणाल्या. "कुणी विचारलं तर सांगायला. ताटलीत एक काडी पडलेली दिसली, तिचा आकडा घेतलात आणि खणातून ती चिठ्ठी काढलीत. साठ आकड्यांतला कुठलाही सांगितला असतात तर मी काही करू शकले नसते. तुम्ही नेमका तोच उचललात जो त्या वेळी येणं शक्य नव्हतं. काडी तुम्ही काढलीच नाहीत. मग तो तास कशात गेला?"

थियान-सू फरशीवरच्या काड्या बघत होता. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यानं रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि अध्यक्षांपुढे ठेवली.

५

कासव त्याचंच होतं, आणि ते सोन्याचं नव्हतं. अध्यक्षांनी पोटाकडून दगडावर घासलं तर खाली पांढरा धातू दिसला. चांदीवर मुलामा.

काऊशुंगहून तो गावाला वाटलं होतं तेवढं कमावून आला नव्हता. गेल्या वर्षी आठ होकार आले तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्या भरात त्यानं दीडपट कासवाचा शब्द दिला. वजन सगळ्यांसमोर व्हायचं होतं हे त्याला माहीत होतं, पण मुलाम्याचं कासव हातात घेतल्यावर इतकं हलकं लागेल याचा अंदाज त्याला नव्हता. वजनाआधी ते चोरीला गेलं की प्रश्न मिटला. आणि चोर कोण ठरेल? ज्याच्यामागे गावात घराणं नाही, ज्याच्या बाजूनं कुणी बोलणार नाही, ते नाव त्यानं वर लिहिलं.

"तिच्यावर तीन होकार येतील हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "ते आले तेव्हा मला वाटलं आईच मला सोडवतेय."

कोटाची बटणं लावत होंग बाई खाइबूनशी बोलल्या. "हे मी सोडवलं असं गावात सांगत फिरू नकोस. सुइलियनला पुस्तकाची गरज पडली नाही. बाहेर काढलेलं परत घातलं की नाही यानं पुढचं सगळं बदलतं, हे तिनं वीस वर्षांपूर्वी ओळखलं. मुलांच्या डोक्यात ते उतरवायला मला दर वर्षी पंधरा दिवस लागायचे."

बायको गेल्यापासून लोक तिच्या मायेबद्दल, तिच्या हातच्या चवीबद्दल बोलले होते. तिच्या डोक्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. खाइबूनलाही ते सुचलं नव्हतं.

थियान-सूचं काय करायचं ते सणानंतर बघू असं अध्यक्ष म्हणाले. सोन्याचं कासव नाही तर या वर्षी पिठाचं मोठं कासव मांडू, आईला चालेल. पण ते थापणार कोण? दिएपला परत बोलवावं का, हे विचारायला त्यांनी सवयीनं कौलाचे तुकडे उचलले आणि खाइबूनपुढे धरले.

खाइबूननं ते घेतले नाहीत.

"हे आईला विचारायचं नाही," तो म्हणाला. "हे दिएपला विचारायचं."

तो एकटाच तिच्या घरी गेला. पिशव्या दारात बांधून ठेवलेल्या होत्या. त्यानं झालेलं सगळं सांगितलं, काडीचं, कासवाचं, यादीचं. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मुलगी तिच्या मागे होती.

"मी चुकलो," खाइबून म्हणाला. "माफी मागायला आलोय."

"अकरा वर्षं मी तुमच्या हाताखाली काम केलं, काका," दिएप म्हणाली. "सुइलियन काकू शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांची वेणी मी घालत होते. काल तुम्ही तीनदा तुकडे टाकलेत. तीनदा. एकदा तरी मान वर करून माझ्याकडे बघायचं होतं."

"नाही बघितलं."

"का?"

"बघितलं असतं तर हातातून तुकडे पडले नसते."

गल्लीतून वारा वाळू घेऊन येत होता. मग तिनं सांगितलं की अध्यक्षांना इथे यायला सांगा. चालत, उजेड आहे तोवर, शेजारपाजारचे दारात उभे असताना. जे काल देवळात म्हणाले ते इथे परत घ्यायला सांगा, माझ्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

खाइबून गेला आणि अध्यक्षांना घेऊन आला. समितीचे बाकीचेही मागोमाग आले, पेई आणि बिंगसेंगसुद्धा, आणि सगळ्यांत शेवटी इम आजीचा हात धरून होंग बाई. लूओ अध्यक्षांना असल्या बोलण्याची सवय नव्हती. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, तेव्हा दिएपनं त्यांना पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

दिएपनं मान हलवली. सहा वाजायला किती वेळ आहे विचारलं. दोन तास, कुणीतरी म्हणालं.

"पीठ कुणी भिजवलंय का?"

कुणीच भिजवलं नव्हतं. पोती काल जिथे उतरवली होती तिथेच पडून होती.

ती मागे वळली आणि मुलीला म्हणाली, "पिशवीतून शाळेची पुस्तकं बाहेर काढून ठेव. उद्या वर्ग आहे."